घरच्या नॅसमधून डिस्क वारंवार गायब होते? आधी वायर, मग बोर्ड, डिस्कवर आळ शेवटी

चार डिस्कचा नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कवरून फाइली पुरवणारा डिस्कचा डबा. बोर्ड स्वस्तातला, कमी वीज खाणारा, एन१०० किंवा जे४१२५ सारखा प्रोसेसर त्यावरच सोल्डर केलेला. सगळं सुरळीत चालतं आणि पंधरा-वीस दिवसांनी एक डिस्क गायब होते. रीस्टार्ट केलं की हजर. रिबिल्ड होतो, म्हणजे बाकीच्या डिस्कवरून तिचा डेटा पुन्हा भरला जातो, सगळं हिरवं दिसतं, आणि पुन्हा तेच. अशा वेळी बहुतेक जण डिस्क बदलून मोकळे होतात, आणि महिन्याभरात नवी डिस्कही त्याच जागेवरून निखळते. रीस्टार्टनंतर शहाण्यासारखी परत येणारी डिस्क बऱ्याचदा निर्दोष असते.

लक्षणं नीट बघा, निम्मं उत्तर तिथेच असतं

- मोठी कॉपी किंवा स्क्रब (साठवलेला सगळा डेटा वाचून पडताळणं) चालू असतानाच डिस्क पडते, म्हणजे गायब होते: केबल, पॉवर किंवा तापलेली कंट्रोलर चिप (डिस्कचे पोर्ट चालवणारी).
- डिस्क झोपेतून उठताना पडते: पॉवर, नाहीतर वीजबचतीचं सेटिंग.
- दोन किंवा जास्त डिस्क एकाच सेकंदाला पडतात: त्यांच्यात सामाईक काय आहे ते शोधा. एकच स्प्लिटर (एका पॉवर वायरीचे फाटे करणारी केबल)? एकच कंट्रोलर?
- सुरू करताना एक-दोन डिस्क दिसतच नाहीत, रीस्टार्ट केल्यावर दिसतात: सगळ्या डिस्क एकदम फिरायला लागताना पॉवर कमी पडते.
- डिस्क फिरतच नाही, आवाजच नाही: पिन ३ चा मामला असू शकतो, पुढे येतो.
- डिस्क ठीक आहेत पण नॅसच नेटवर्कवर दिसत नाही: हे वेगळं दुखणं. शेवटी थोडक्यात.

हात घालण्याआधी तीन गोष्टी करा. ज्याची दुसरी प्रत नाही तो डेटा आत्ताच दुसरीकडे कॉपी करा. प्रत्येक डिस्कचा सीरियल नंबर आणि ती कुठल्या पोर्टवर आहे हे कागदावर लिहा. लिनक्स डिस्कना देतो ती 'एसडीए', 'एसडीबी' ही नावं रीस्टार्टनंतर बदलू शकतात, त्यांच्यावर विसंबू नका. आणि एका वेळी एकच बदल करा. केबल, पोर्ट आणि सेटिंग एकाच संध्याकाळी बदललं तर दोष गेला तरी कशाने गेला ते कळणार नाही.

पंधरा दिवसांतून एकदा येणारा दोष गेला असं दुसऱ्या दिवशी म्हणता येत नाही. म्हणून प्रत्येक बदलानंतर स्क्रब चालवा, किंवा सगळ्या डिस्क एकाच वेळी पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसत्या वाचायला लावा. मोठ्या डिस्कला यात दिवस जातो. जाऊ द्या.

१. लॉग आणि स्मार्ट: फुकट, आणि हातात स्क्रूड्रायव्हरही नको

नॅसची प्रणाली ट्रूनॅस स्केल असो, ओपनमीडियाव्हॉल्ट असो वा अनरेड, खाली लिनक्सच आहे. डिस्क पडली त्या वेळचा कर्नल लॉग, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने ठेवलेली नोंद, काढा. 'हार्ड रिसेटिंग लिंक' अशी ओळ, मागोमाग 'सॅटा लिंक अप ६.० जीबीपीएस', परत रिसेट, मग 'लिमिटिंग सॅटा लिंक स्पीड टू ३.०', काही वेळाने १.५, आणि शेवटी डिस्क बाद, असा क्रम दिसला तर बोर्ड आणि डिस्क यांचं सॅटा जोडणीवरचं बोलणं तुटतंय. बोलणं तुटतं ते केबल, पॉवर किंवा कंट्रोलरमुळे. याउलट 'यूएनसी' असा शेरा आणि सेक्टरचा (तबकडीवरच्या छोट्या तुकड्याचा) क्रमांक येत असेल तर डिस्कला स्वतःचीच तबकडी वाचता येत नाहीये. तिथे केबल बदलून उपयोग नाही.

मग स्मार्टसीटीएल या आज्ञेने स्मार्टचे आकडे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, बघा. शेवटच्या स्तंभातली कच्ची संख्या महत्त्वाची.

क्रमांक ५, १९७ आणि १९८ हे तबकडीचे आकडे: बदललेले सेक्टर, प्रलंबित सेक्टर, न वाचता येणारे सेक्टर. १९७ आणि १९८ शून्य नसतील, किंवा ५ दर आठवड्याला वाढत असेल, तर डिस्कचा निकाल लागला. बदला.

१९९ म्हणजे सीआरसी एरर. डेटा केबलमधून जाताना बिघडला, एवढाच याचा अर्थ. हा आकडा शून्यावर परत येत नाही, त्यामुळे केबल बदलल्यावर जुना आकडा बघून घाबरू नका. आजचा लिहून ठेवा आणि पुढे वाढतो का ते बघा.

आता सहसा कोणी न बघणारा आकडा: १२, म्हणजे डिस्कला किती वेळा वीज मिळाली. समजा चारही डिस्क एकाच दिवशी बसवल्या. तिघींचा आकडा ४१ आणि चौथीचा ५८. नॅस तर सगळ्यांसाठी एकदमच बंद-चालू होतो, मग ही चौथी जास्तीच्या १७ वेळा कधी बंद पडली? तिचा पॉवर कनेक्टर क्षणभर सुटतोय, किंवा तिच्या फाट्यावरचं व्होल्टेज कोसळतंय. इतका थेट पुरावा मल्टीमीटरही देत नाही. डिस्क पडल्यानंतर हा आकडा एकने वाढला असेल तर सरळ तिसऱ्या पायरीवर जा.

२. डेटा केबल

नॅस बंद करा, भिंतीतला प्लग काढा. प्रत्येक सॅटा केबल दोन्ही टोकांना काढून पुन्हा बसवा. क्लिप असलेली केबल असेल तर टक् असा आवाज यायला हवा. बिनक्लिपची केबल डिस्कच्या थरथरीने हळूहळू बाहेर सरकते. छोट्या केसमध्ये दरवाजा केबलला दाबत असेल तर कनेक्टर तिरका बसतो. दोष वरून दिसत नाही, पण १९९ वाढत राहतो. केबल टायने घट्ट आवळून सुबक जुडी बांधायची हौस इथे नको. सॅटा केबल जास्तीत जास्त १ मीटर चालते, घरच्या नॅसला अर्धा मीटर भरपूर झाला.

यानंतर अदलाबदल. पडणाऱ्या डिस्कची केबल शेजारच्या डिस्कला लावा, बाकी काही हलवू नका. दोष केबलबरोबर गेला तर केबल फेकून द्या, खणात 'पुढे कधीतरी' म्हणून ठेवू नका. दोष डिस्कपाशीच राहिला तर पुढे चला. ट्रेमध्ये डिस्क सरकवण्याचा केस असेल तर मधल्या बॅकप्लेनचाही (डिस्क ज्यात रुततात त्या पट्टीचाही) हाच तपास करा: डिस्क दुसऱ्या खणात घाला, दोष खणात राहतो की डिस्कबरोबर जातो ते बघा.

३. पॉवर: खरा गुन्हेगार बहुतेकदा इथेच सापडतो

साडेतीन इंची डिस्क नुसती फिरत असताना साधारण ४ ते ६ वॅट घेते. पण थांबलेली तबकडी वेगात आणताना काही सेकंद १२ व्होल्टवर २ अँपिअरच्या आसपास ओढते, म्हणजे जवळपास २४ वॅट. चार डिस्क एकदम उठल्या तर ८ अँपिअर, ९६ वॅट. आता कमी विजेच्या बोर्डासोबत लोक काय लावतात? १२ व्होल्ट ५ अँपिअरचा अडॅप्टर. प्रोसेसर ६ वॅटचा, मग ६० वॅट पुष्कळ, असा हिशेब. बोर्डाला पुष्कळच आहे. डिस्क उठायच्या क्षणी मात्र व्होल्टेज खाली बसतं, एखादी डिस्क रिसेट होते आणि लॉगमध्ये ती पडल्याची नोंद होते. दोन मिनिटांनी मोजलं तर सगळं ठीक.

ज्या बोर्डांना थेट डीसी जॅक असतो त्यांत डिस्कची पॉवर बोर्डावरच्या चार पिनच्या छोट्या कनेक्टरमधून निघते. तो साधारणपणे एक-दोन डिस्कसाठी असतो. मॅन्युअलमध्ये त्याची मर्यादा दिलेली असते, ती वाचा. त्याला स्प्लिटर लावून चार डिस्क टांगणं म्हणजे दुखणं विकत घेणं.

स्प्लिटरबद्दल थोडं सविस्तर. सॅटा पॉवर कनेक्टरमध्ये १५ पिना, ३.३, ५ आणि १२ व्होल्टसाठी प्रत्येकी तीन, आणि एक पिन १.५ अँपिअरची. म्हणजे एका सॅटा कनेक्टरमधून १२ व्होल्टवर ४.५ अँपिअरच्या पुढे जायचं नाही. त्याच्यामागे चार डिस्क लावल्या की उठताना ८ अँपिअर मागणार. त्यामुळे सॅटामधून सॅटाचे फाटे काढताना दोन डिस्क ही मर्यादा धरा. जास्त हव्या असतील तर मोलेक्सवरून (चार पिनचा जुना, मोठा पॉवर कनेक्टर) घ्या किंवा एसएमपीएसच्या (पॉवर सप्लायच्या) दुसऱ्या वायरीवरून. आणि मोलेक्स ते सॅटा घेताना कनेक्टरचं मागचं टोक बघा. वायरी एकसंध प्लास्टिकमध्ये ओतून बुजवलेल्या असतील तर तो घेऊ नका. आत वायरी सरकून एकमेकींजवळ येतात, शॉर्ट होतात आणि प्लास्टिक पेट घेतं. हे खरोखर घडतं. ज्यात प्रत्येक वायर वेगळ्या खाचेत दाबून बसवलेली दिसते तो घ्या.

तपास असा. डिस्क झोपवण्याचं सेटिंग दोन-तीन आठवडे बंद ठेवा. तेवढ्याने दोष थांबला तर संशय पॉवरवर. मल्टीमीटर असेल तर सगळ्या डिस्क काम करत असताना रिकाम्या मोलेक्सवर पिवळी-काळी मोजा: ११.४ ते १२.६ व्होल्टमध्ये हवं. लाल-काळी ४.७५ ते ५.२५. याबाहेर गेलं तर एसएमपीएस बाद. आत असलं तरी तो निर्दोष ठरत नाही, कारण मिलिसेकंदाची खोच साध्या मल्टीमीटरला दिसत नाही. खात्रीचा उपाय म्हणजे चांगला एसएमपीएस आठवडाभर उसना आणून लावणं. बायॉसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर) दिसणारे व्होल्टेजचे आकडे स्वस्त बोर्डांवर अनेकदा भलतेच असतात, ते सोडून द्या.

आता ती फिरतच नसलेली डिस्क. बाहेरच्या यूएसबी डब्यातून काढलेल्या आणि मोठ्या क्षमतेच्या काही डिस्कमध्ये सॅटा पॉवरची तिसरी पिन डिस्क बंद ठेवण्यासाठी वापरतात. जुन्या पद्धतीचा एसएमपीएस तिथे ३.३ व्होल्ट देतो, डिस्क त्याला 'बंद राहा' असा हुकूम समजते. मोलेक्सवरून आलेल्या सॅटा कनेक्टरमध्ये ३.३ व्होल्ट नसतातच, त्यावर ती लगेच फिरते.

४. सेटिंग

कमी वीज खाणाऱ्या बोर्डांवर वीजबचतीची सेटिंगं चेकाळलेली असतात. सॅटा लिंकची वीजबचत हे पहिलं. पॉवरटॉप या वीजबचतीच्या साधनाने 'ऑटोट्यून' केलं असेल तर ते चालू झालेलं असणार. लिंक झोपते, डिस्कला वेळेवर जागं होता येत नाही, रिसेट. प्रत्येक पोर्टचं हे धोरण 'मॅक्स परफॉर्मन्स' करून बघा. दुसरं एएसपीएम, म्हणजे पीसीआय एक्सप्रेसची (जादा कार्ड आणि चिप प्रोसेसरशी जोडणाऱ्या मार्गाची) वीजबचत. डिस्क जादा कंट्रोलरवर असतील तर बायॉसमधून बंद करून बघा. दोन-चार वॅट जास्त जातील. दोष थांबला तर एकेक परत चालू करून नेमकं कुठलं ते ठरवा.

तिसरी गोष्ट सेटिंग कमी आणि डिस्कचा स्वभाव जास्त. खराब सेक्टर भेटला की डेस्कटॉपसाठीची डिस्क तो वाचायचा हट्ट धरते, कधी दोन मिनिटांच्या वर. लिनक्स ३० सेकंद वाट बघतो आणि लिंक रिसेट करतो. एका सेक्टरपायी अख्खी डिस्क बाहेर. नॅससाठीच्या डिस्क ७ सेकंदांत हात टेकतात, बाकीचं रेड (अनेक डिस्कची एकत्र मांडणी) सांभाळून घेतं. स्मार्टसीटीएलमध्ये 'एससीटी ईआरसी', म्हणजे ही मुदत ठरवायची सोय, बघा. डिस्कला ही सोय असेल तर वाचन-लेखन दोन्हींना ७० द्या. एकक सेकंदाचा दहावा भाग, म्हणजे ७ सेकंद. बहुतेक डिस्क पॉवर गेल्यावर हे विसरतात, म्हणून ते सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये टाका. सोयच नसेल तर लिनक्सची ३० सेकंदांची मुदत त्या डिस्कसाठी १८० करा.

डिस्क फक्त रिबिल्डच्या वेळी पडत असेल तर ती एसएमआर (एकमेकांवर चढलेल्या पट्ट्यांत लिहिणारी) आहे का, हे मॉडेल क्रमांकावरून तपासा. एसएमआर डिस्क सलग लिखाणात मध्येच गुदमरते. तिच्यावर इलाज नाही, ती बॅकअपला ठेवा.

५. कंट्रोलर चिप आणि तिचा ताप

एन१००, एन५१०५, जे४१२५ या तिघांतही प्रोसेसरचे स्वतःचे सॅटा पोर्ट जास्तीत जास्त दोन. बोर्डावर चार किंवा सहा पोर्ट दिसतात ते मध्ये बसवलेल्या चिपमुळे. कुठली चिप आहे ते 'एलएसपीसीआय' ही आज्ञा सांगेल. एएसएम१०६१ वर दोन पोर्ट, एएसएम१०६४ वर चार, जेएमबी५८५ वर पाच, एएसएम११६६ वर सहा. या चालणाऱ्या चिप आहेत. वांधा असतो तो पोर्ट मल्टिप्लायरचा, उदाहरणार्थ जेएमबी५७५. तो एका सॅटा पोर्टचे पाच करतो. एक डिस्क अडखळली की ती एकच लिंक रिसेट होते आणि पाचही डिस्क एकदम जातात. झेडएफएससारख्या फाइलसिस्टिमखाली तो नकोच.

सोपा तपास: पडणारी डिस्क प्रोसेसरच्या मूळ पोर्टवर लावा आणि मूळ पोर्टवरची निरोगी डिस्क तिच्या जागी. आता निरोगी डिस्क पडायला लागली तर चिपवर ठपका. बोटभर चिप, वर नखाएवढा हीटसिंक, आणि पंखा नसलेला केस. स्क्रब चालू असताना एक पंखा त्याच्यावर रोखून ठेवा. दोष थांबला तर कायमचा छोटा पंखा बसवा. एम.२ खाचेत (पातळ एसएसडीसाठीच्या) बसणारं सहा पोर्टचं कार्ड असेल तर सहा केबलींच्या ओढीने ते वाकतं. मागचा स्क्रू घट्ट आहे ना आणि केबली ओढल्या जात नाहीत ना ते बघा. एएसएम११६६ च्या कार्डांवर जुनं फर्मवेअर असेल तर ते नवीन करून घेण्यासारखं आहे. जुन्यात वीजबचत धड चालत नाही, नसलेले पोर्टही दिसतात.

लेन (चिप आणि प्रोसेसरमधले डेटाचे मार्ग) कमी म्हणून डिस्क पडतात, हा समज सोडा. पीसीआय एक्सप्रेस ३.० ची एक लेन सेकंदाला जवळपास ९८५ एमबी नेते. कमी पडली तर वेग कमी होईल, डिस्क पडणार नाही.

६. रॅम, बॅटरी, आणि मग बोर्ड

सगळ्याच डिस्कवर थोड्या थोड्या चेकसम (डेटा पडताळणीच्या) चुका येत असतील तर डिस्क सोडा, रॅम बघा. मेमटेस्ट८६+ ही रॅमची चाचणी रात्रभर. एकही चूक आली तर स्टिक बदला. 'एकच तर आहे' असं इथे चालत नाही. तारीख मागे जात असेल तर सीआर२०३२ बॅटरी बदला.

जुना बोर्ड असेल तर प्रोसेसरचं नाव तपासा. इंटेलच्या अ‍ॅटम सी२००० मालिकेत घड्याळाचा सिग्नल देणारा भाग काही वर्षांनी निकामी होतो आणि बोर्ड सुरूच होत नाही; हे २०१७ मध्ये बाहेर आलं. जे३३५५, जे३४५५ या अपोलो लेक चिपच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांतही याच जातीची झीज इंटेलने मान्य केली. जे१९०० लिनक्सखाली खोल झोपेच्या अवस्थेत गोठण्यासाठी कुप्रसिद्ध, शिवाय त्यात एन्क्रिप्शनचा वेग देणारी एईएसची सोय नाही. असे बोर्ड वापरलेले म्हणून स्वस्त मिळाले तरी नॅससाठी घेऊ नका.

बोर्ड बदलायचीच वेळ आली तर

प्रोसेसर ६ वॅटचा की १० वॅटचा या वादात पडू नका. ती मर्यादा आहे, रोजचा खप नव्हे, आणि चार फिरत्या डिस्क एकट्याच २० वॅटच्या आसपास खातात. त्यापेक्षा हे बघा: जादा पोर्ट कुठल्या चिपचे आहेत हे विक्रेता सांगतो का? सांगत नसेल तर घेऊ नका. एम.२ वापरल्यावर एखादा सॅटा पोर्ट बंद होतो का? २४ पिनचा कनेक्टर आहे का, म्हणजे साधा एसएमपीएस लावून डिस्कना तिथूनच पॉवर देता येईल? दोनपेक्षा जास्त डिस्क असतील तर डीसी जॅकचा बोर्ड टाळा. आणि बायॉसची नवी आवृत्ती डाउनलोडला कुठेतरी आहे का? एन१०० ला नेहमीची ईसीसी (चुका स्वतः दुरुस्त करणारी) रॅम चालत नाही. ती हवीच असेल तर मुळात वेगळ्या वर्गातला बोर्ड लागेल.

जेएमबी५८५ की एएसएम११६६? वीज वाचवणं हा हेतू असेल तर दुसरी. पहिलीमुळे प्रोसेसर खोल झोपेत जात नाही. फक्त स्थिरता हवी असेल तर दोन्ही चालतात.

एलएसआय ९२११ सारखी डिस्क जोडायची सर्व्हरची कार्डं मजबूत आहेत, पण एकटं कार्ड १० वॅटच्या घरात खातं, चांगलंच तापतं, आणि एन१०० च्या एका लेनच्या खाचेत त्याचा जीव गुदमरतो.

नेटवर्कवरून गायब होणारा नॅस

इंटेलच्या आय२२५ या नेटवर्क चिपच्या सुरुवातीच्या आवृत्तीत हार्डवेअरचाच दोष होता. आय२२६ वर लिंक पडत असेल तर ईईई ही वीजबचत बंद करून बघा. फरक पडला नाही तर केबल आणि स्विचचा पोर्ट बदला.

इथे थांबा

एका पॅरिटीच्या (एकच डिस्क गेली तरी डेटा टिकतो अशा) रेडमध्ये दुसरी डिस्क पडली तर नॅस बंद करा. जबरदस्तीने जोडणं, नवा पूल (डिस्कचा गट) बनवणं, पुन्हा पुन्हा रिबिल्ड करून बघणं, काहीही नाही. बॅकअप असेल तर निवांत पुढचं बघा. नसेल तर डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या. डिस्कमधून टकटक किंवा खरखर आवाज येत असेल तर एकदाही परत चालू करू नका. प्रत्येक फेरीत तबकडीवर नवे ओरखडे पडू शकतात.

कनेक्टर तपकिरी पडलेला दिसला किंवा जळका वास आला तर प्लग भिंतीतून काढा. ती वायर आणि तो एसएमपीएस दोन्ही बदला. एसएमपीएस उघडू नका: प्लग काढल्यानंतरही आतल्या मुख्य कपॅसिटरवर जीवघेणं व्होल्टेज काही काळ राहतं. बोर्डावरचे फुगलेले कपॅसिटर आणि मोडलेले सॅटा पोर्ट हे काम सोल्डरिंगची रोजची सवय असलेल्या माणसाचं.

कोणाकडेही द्याल तेव्हा सोबत द्या: सीरियल नंबर आणि पोर्टची यादी, पडण्याच्या वेळचा लॉग, स्मार्टचे जुने-नवे आकडे, आणि आतापर्यंत काय काय बदललं त्याची तारीखवार नोंद. डिस्कवर पेनाने १, २, ३, ४ असे क्रम लिहा, मगच बाहेर काढा.